चौदा माणसे, साडेसात तिकिटे

रविवारच्या वंदनेनंतर आमच्या विहारात चहा होतो. मागच्या रविवारी चहा पिता पिता एका भगिनीने आम्हाला विचारले, "दादा, चौदा माणसं घेऊन कोकणात जाऊन आलात म्हणे. कर्ज किती काढलंत?" आम्ही म्हणालो, एक पैसाही नाही. त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी तर "लॉटरी लागली असेल" असा शेरा मारला. म्हणून तो सगळा हिशेब आज या पानावर मांडत आहोत. आमचे शिक्षण बी.कॉम., नोकरी कारकुनाची. हिशेब मांडणे एवढी एकच गोष्ट आम्हाला नीट येते.

आपल्या घरांतून सुटी कशासाठी काढली जाते ते आठवून पाहा. लग्न, मयत, दवाखाना, १४ एप्रिल, ६ डिसेंबर. नुसते हिंडायला, बसायला, मुलांबरोबर खेळायला म्हणून कोणी सुटी काढली, तर आजूबाजूचे विचारतात, "काय, काम सुटलं का?" सहल ही पैसेवाल्यांची गोष्ट आहे असे आपण धरून चाललो आहोत. वास्तविक पगारी सुटी ही मालकाची मेहेरबानी नाही. १९४५ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला पगारी सुटीचा हक्क मिळाला, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यात वीस दिवस कामाला एक दिवस पगारी रजा, असा हिशेब बसला. आपल्यातले पुष्कळ जण आजही त्या हिशेबाच्या बाहेर आहेत, म्हणजे कंत्राटी, रोजंदारी, घरकाम करणाऱ्या. त्यांच्यासाठी सुटीचा पहिला खर्च तिकिटाचा नसतो, बुडालेल्या रोजाचा असतो. त्याकडे पुढे येऊच.

आमच्या बाबतीत हे सगळे आईच्या एका वाक्यावरून सुरू झाले. आईचे वय ७६. तिने तीस वर्षे पुण्याच्या रस्त्यांवर कागद, काच, पत्रा गोळा करून आम्हा भावंडांना शिकवले. त्या वाकण्याने तिचे गुडघे गेले. एका संध्याकाळी दूरदर्शनवर समुद्र दाखवत होते. धाकटी पुतणी, वय वर्षे चार, आईला म्हणाली, "आजी, तू खरा समुद्र बघितला?" आई म्हणाली, "बघितलाय की. सा डिसेंबरला. रांगेतनं दिसतो."

आम्ही जेवता जेवता थांबलो. चैत्यभूमीला आई किती वेळा गेली असेल! दादरला रात्र काढायची, रांगेत उभे राहायचे, दर्शन घ्यायचे, पुस्तके घ्यायची आणि गाडी पकडायची. समुद्र पन्नास पावलांवर, पण पाण्यात पाय घालायला कधी सवड झाली नाही. रांग सोडून कोण जाईल? डॉक्टरांनी तर सांगूनच टाकले होते की आणखी दोन वर्षांनी तिला जिने चढणे-उतरणे जमणार नाही. तेव्हा जे करायचे ते लवकर करायला हवे होते.

कर्ज काढायचे नाही हे आमचे आधीच ठरले होते. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने मागे फायनान्सच्या पैशावर थंड हवेची सहल केली. सहल पाच दिवसांची, हप्ते दोन वर्षांचे. बर्फातले फोटो भिंतीवर आहेत आणि वसुलीवाला दारात आहे. असो.

आता घरातली माणसे मोजून सांगतो, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. आई. आमचे चुलते, वय ६८, आणि चुलती. आम्ही व आमच्या मंडळी. धाकटा भाऊ, तो रिक्षा चालवतो, आणि भावजय, ती एका कारखान्यात कंत्राटावर आहे. आक्का, आमची थोरली बहीण. दाजी गेल्यापासून ती आमच्याच चाळीत राहते आणि चार घरची कामे करते. मुले सहा: आमची मुलगी १७, मुलगा १४, भावाचा मुलगा ९, मुलगी ४, आक्काची मुलगी १५, मुलगा ११. एकूण चौदा.

पैसे कसे जमवायचे यावरून घरात पहिले भांडण झाले. भाऊ म्हणाला, डोईमागे सारखे काढू. ऐकायला हे न्यायाचे वाटते. पण डोईमागे काढले तर आक्काला तीन डोक्यांचे भरावे लागतात, आणि घरात सर्वांत कमी कमाई तिचीच. मोठ्या कुटुंबाच्या सहली बहुतेक इथेच मोडतात. ज्याला झेपत नाही तो "मला नाही आवडत हिंडायला" असे म्हणून मागे राहतो आणि आपण ते खरे मानतो. आक्काही तसेच म्हणाली होती. शेवटी चुलत्यांनी तोडगा काढला: डोक्यावर नाही, कमाईवर. जो कमावतो त्याने महिन्यातून आपल्या एका दिवसाची कमाई डब्यात टाकायची. आमचे १००० रुपये, भावाचे ७००, भावजयीचे ४००, आक्काचे ४००, आणि चुलत्यांनी हट्टाने दिलेले १००. महिन्याला २६०० झाले. दहा महिन्यांचे २६,०००. डबा आमच्या मंडळींच्या ताब्यात. त्यांची कमाई पगारपत्रकात दिसत नाही, पण त्या डब्यातून दहा महिन्यांत एक रुपयाही इकडचा तिकडे झाला नाही, हे आमच्या कार्यालयातल्या हिशेबनिसाला जमले नसते.

भावाची दुसरी सूचना टेंपो ट्रॅव्हलरची होती. सगळे एकत्र, गाणी म्हणत, दारातून दारात. आम्ही भाव काढला. किलोमीटरला २६ रुपये आणि दिवसाला किमान ३०० किलोमीटर. नीट समजून घ्या, गाडी दिवसभर उभी राहिली तरी ३०० किलोमीटरचे पैसे लागतात. तीन दिवसांचे ९०० किलोमीटर, म्हणजे २३,४०० रुपये. वर चालकाचा भत्ता आणि टोल वेगळा. डबा तिथेच रिकामा! रोज नव्या गावाला जायचे असेल तर अशी गाडी परवडेलही. आम्हाला तर जाऊन समुद्राकाठी बसायचे होते. उभ्या गाडीचे भाडे कशाला भरायचे?

तेव्हा एस.टी. आता एस.टी.चे गणित पाहा. १७ मार्च २०२३ पासून राज्यात एस.टी.च्या सर्व गाड्यांत महिलांना निम्मे भाडे आहे. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, आणि ६५ ते ७५ वयाला निम्मे भाडे आहे. पाच वर्षांखालचे मूल फुकट, पाच ते बारा निम्मे. आता आमच्या चौदा माणसांना ही फूटपट्टी लावा. आई आणि धाकटी पुतणी, शून्य. पूर्ण तिकीट फक्त तिघांचे: आम्ही, भाऊ आणि आमचा मुलगा. उरलेले नऊ जण निम्म्यावर. साडेचार आणि तीन, झाली साडेसात तिकिटे. एका बाजूचे पूर्ण भाडे ३०० रुपये धरले तर चौदा जणांचे ४२०० होतात, आणि साडेसात तिकिटांचे २२५०. म्हणजे घर जितके मोठे आणि त्यात बायका, म्हातारी आणि मुले जितकी जास्त, तितकी एस.टी. स्वस्त. ज्या घराला लोक खटले म्हणतात ते इथे फायद्यात येते! फक्त प्रत्येकाचे आधार कार्ड बरोबर हवे. आईचे कार्ड आम्ही पिशवीत ठेवले, पिशवी टपावर जायच्या बेतात होती, आणि वाहक समोर उभा. तेव्हा कार्डे खिशातच ठेवा.

एस.टी.चा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास १९८८ पासून आहे. तो रोज गाडीत बसणाऱ्याला परवडतो, एका गावी मुक्काम करणाऱ्याला नाही. तीन-चार कुटुंबे मिळून जाणार असतील तर प्रासंगिक करारावर अख्खी एस.टी. मिळते, पण भाडे पूर्ण गाडीचे असते, म्हणून जागा खरोखर भरणार असतील तरच ते काढावे. आयत्या वेळी चौघे गळतात आणि त्यांचे पैसे उरलेल्यांवर बसतात, हा आमचा जयंतीच्या वर्गणीपासूनचा अनुभव आहे.

मुक्काम दापोलीजवळच्या हर्णै-मुरुडच्या बाजूला करायचे ठरले. (जंजिऱ्याचे मुरुड वेगळे, ते रायगड जिल्ह्यात. हे रत्नागिरी जिल्ह्यातले.) या भागात घरगुती निवास पुष्कळ आहेत. तारखाही आम्ही विचार करून धरल्या. दिवाळीची गर्दी ओसरलेली, शाळा अजून उघडायच्या, अशा दिवसांतले सोमवार, मंगळवार, बुधवार. शनिवार-रविवारी जी खोली चढ्या भावाने जाते, तीच सोमवारी रिकामी असते. भाव खोलीवर आहे की माणशी आहे हे आधी विचारावे, जादा गादीचे किती तेही विचारावे. माणशी भाव मोठ्या कुटुंबाला मारतो. एक हॉल आणि एक खोली मिळाली तर सर्वांत उत्तम. म्हातारी माणसे खोलीत, बाकीची पलटण हॉलमध्ये.

फोन करायचे काम आमच्या मुलीकडे होते. पहिल्याच ठिकाणी, गाव सांगत नाही, सगळे ठरत आले आणि मालकांनी विचारले, "आडनाव काय म्हणालात?" तिने सांगितले. थोडे थांबून ते म्हणाले, "कळवतो." तासाभराने निरोप आला, जागा भरली. संध्याकाळी भावाने आपल्या फोनवरून नुसते "पुण्याहून बोलतोय" असे म्हणून विचारले, तर त्याच तारखांना दोन्ही खोल्या रिकाम्या. भाऊ म्हणाला, आता आडनाव सांगायचेच नाही, गेल्यावर बघू. आई काही बोलली नाही. मुलीने मात्र दुसऱ्या नंबरला फोन लावला आणि भाव विचारायच्या आधी आपले पूर्ण नाव, आडनावासकट, सांगितले. मग तिसऱ्या नंबरलाही तसेच. तिसऱ्या घरच्या बाई म्हणाल्या, "या की, आजींना जिना नको ना? खालचीच खोली देते." घटनेच्या कलम १५ मध्ये दुकान, उपाहारगृह, हॉटेल यांचे नाव घेऊन भेदाला बंदी घातलेली आहे. पहिल्या मालकांशी आम्ही काय केले, तो वेगळा विषय आहे. पण सतरा वर्षांच्या मुलीने जी रीत पाडली ती आता आमच्या घरची रीत झाली आहे. ज्यांना आपण नको आहोत त्यांच्या दारात चौदा माणसे घेऊन उतरण्यापेक्षा ते फोनवरच कळलेले बरे.

जेवणावरून घरात दुसरे भांडण झाले. चुलतीचे म्हणणे, भांडी, पीठ, मसाला, सगळे बरोबर घेऊ, बाहेरचे खाऊन पैसा कशाला घालवायचा? पूर्वी आम्ही असेच जात होतो. पुरुष आणि मुले हिंडायची आणि बायका तिथल्या चुलीशी. आमच्या मंडळी शांतपणे म्हणाल्या, "मग आम्ही इथंच थांबतो. इथली चूल बरी आहे, हातची आहे." त्यावर कोणाला बोलता आले नाही. ठरले ते असे. जातानाचे दोन वेळचे घरून न्यायचे: चपात्या, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी, लाडू. पुढचे जेवण घरमालकिणीकडून, ताटाचा भाव आधी ठरवून. लहान मुलांना अर्धे ताट. सकाळचा चहा-पोहे आम्ही आणि भावाने करायचे. पोहे पहिल्या दिवशी खारट झाले. ते सर्वांना खावे लागले.

बुडालेल्या रोजाचे आता सांगतो. आक्का घरकामाला तीन दिवस गेली नाही तर तीन दिवसांचे पैसे कापले जातात. भावजयीचेही तेच. हा खर्च कोणी सहलीच्या हिशेबात धरत नाही, आणि म्हणून बायकाच मागे राहतात. आम्ही तो डब्यातून भरला, दोघींचे मिळून २४०० रुपये. भावाने आपला रोज सोडून दिला. रिक्षाचा हप्ता त्याने आधीच भरून ठेवला होता. बाकी खर्च असा: एस.टी. जाऊन-येऊन ५००० च्या आत, दोन रात्रींचा मुक्काम ७०००, जेवणखाण ७५००, तिथले जवळचे येणे-जाणे १८००, मुलांचे हट्ट १२००. एकूण २२,५००. रोजाचे २४०० मिळवा. उरले ११००, त्यातून आईच्या गुडघ्याचा पट्टा आणि मलम घेतले, आणि जे राहिले ते डब्यात पडून आहे.

सोमवारी पहाटे स्वारगेटहून निघालो. वाटेत महाडला उतरलो, कारण तिथे न उतरता पुढे जाणे आईला पटले नसते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब ज्या चवदार तळ्यावर उतरले ते तळे मुलांनी पुस्तकात पाहिले होते. आक्काचा मुलगा म्हणाला, "एवढ्याशा पाण्यासाठी?" चुलत्यांनी त्याला पायरीवर बसवून सगळे पहिल्यापासून सांगितले. दापोलीची गाडी त्यामुळे चुकली. दुसरी दीड तासाने मिळाली आणि पोहोचायला अंधार झाला. मोठे कुटुंब घेऊन निघाल्यावर एका दिवसात दोन टप्पे धरू नयेत, हे आम्ही तेव्हा शिकलो. बाबासाहेबांचे बालपणीचे काही दिवस दापोलीत गेले, ते चुलत्यांना सांगायचे होते, पण गाडीत सगळी मुले झोपली.

मंगळवारी सकाळी समुद्र. भरती-ओहोटीच्या वेळा घरमालकिणीला विचारून घेतल्या होत्या. अनोळखी पाण्यात मुले सोडताना हे विसरू नये. गुडघ्याच्या वर पाणी आले की मागे फिरायचे, अशी ताकीद दिली. आईला भावाने आणि आमच्या मुलाने दोन्हीकडून धरून वाळूवर आणले. पाणी पायाला लागले तशी ती दचकून मागे सरली. मग म्हणाली, "सोडा मला." आणि तिथेच, लुगड्यासकट, खाली बसली. लाट यायची, तिच्या कमरेपर्यंत भिजवायची आणि परत जायची. ती पुतणीला म्हणाली, "बघ, माघारी जातोय अन् पुन्हा येतोय. याला बी सुटी न्हाई." आम्ही तिला तासाभराने उठवायला गेलो तर ती उठेना. आक्का तिच्याजवळ बसून होती. आक्काच्या हातांना भांड्यांच्या साबणाने चिरा पडल्या आहेत, खाऱ्या पाण्याने त्या चुरचुरत होत्या, तरी तीही उठली नाही.

संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव पाहिला. होड्या लागतात, टोपल्या उतरतात, आणि बोली एवढी झपाट्याने लागते की आमच्या हिशेबी डोक्यालाही ती पकडता आली नाही. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. मासळी विकत घेऊन घरमालकिणीकडे दिली, करण्याचे वेगळे पैसे दिले. तशी हॉटेलपेक्षा निम्म्यात पडली.

ज्यांना तीन दिवस काढणे शक्य नाही त्यांच्यासाठी एका दिवसाचे सांगतो. लोणावळा लोकलने मळवलीला उतरले की एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. लोकलचे तिकीट दोन कप चहाच्या पैशात येते. कार्ल्याचे चैत्यगृह भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे, आणि त्याच्या छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षे टिकून आहेत. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या लेण्यांत तिकीट नाही. पायऱ्या मात्र पुष्कळ आहेत, आमच्या आईसारख्यांना तिथे नेऊ नये. त्यांना देहूरोडला न्यावे. तिथे २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली, आणि ती जागा त्याच लोकलच्या वाटेवर आहे.

लांबच्या प्रवासाला रेल्वे लागते. तिच्यात ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, हे लक्षात ठेवून पैसे धरा. आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी सुरू होते. एका अर्जावर सहाच नावे बसतात, म्हणजे चौदा माणसांना तीन अर्ज. इथे एक युक्ती आहे. साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांपुढच्या स्त्रिया यांना खालच्या बर्थचा कोटा असतो, पण तिकिटावर ते एकटे किंवा दोघेच असतील तर. म्हणून आई आणि चुलत्यांचे तिकीट वेगळे काढावे, सहा जणांच्या अर्जात त्यांना कोंबू नये. पाच ते बारा वयाच्या मुलाला वेगळा बर्थ मागितला तर पूर्ण भाडे लागते, न मागितल्यास निम्मे.

आमचा डबा पुन्हा सुरू झाला आहे. चौदा वर्षांच्या चिरंजीवांना सातारा पाहायचा आहे, कारण ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचे नाव तिथल्या शाळेत घातले गेले हे त्याला विद्यार्थी दिवसाच्या भाषणात पाठ करावे लागले होते. भावाला अजिंठा आणि वेरूळ दोन्ही हवे आहे. आक्काच्या कामावरच्या बाई म्हणतात, सुटी घ्यायची तर सोमवार-मंगळवारच घे. आणि अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. हा गुंता अजून सुटलेला नाही.